पायलट म्हणजे पायलटच, हसायचं काय त्यात?

मांडवीकाठ:
काल ती पोस्ट परत फिरत आली, "गोव्यातून पायलट मुलाचं स्थळ आलं तर आधी विचारून घ्या, विमान की स्प्लेंडर". खाली नुसते हसरे चेहरे. हा जोक मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि दर खेपेला सांगणाऱ्याला वाटतं आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. माझे बाबा पायलट, म्हणजे गोव्यात भाड्याने मोटरसायकलवर मागे बसवून गिऱ्हाईक नेतात ते. पिवळा मडगार्ड, पिवळी नंबरप्लेट. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा पणजीहून फेरीने बेतीला उतरायचं, आणि पुढे जायची घाई असली की धक्क्यावर पायलट गाठायचा. बाबांची राजदूत होती, पावसात मागचं गिऱ्हाईक बाबांच्याच रेनकोटखाली डोकं खुपसून बसायचं आणि पर्वरीचा चढ लागला की बाबा ओरडायचे, "पात्रांव, मात्शें फुडें सरात!" नाहीतर पुढचं चाक हलकं व्हायचं.
आणि शब्दाचंच हसू येत असेल तर पायलट मुळात विमानातला नाहीच मरे, जहाजावरचा. मुरगाव बंदरात आजही बाहेरचं जहाज आत आणायला पायलट वर चढतो. विमानवाल्यांनी तिथूनच उचलला. त्यांनी उचलला तर रुबाब, आम्ही उचलला तर जोक?

सहकारनगरवाला:
पोस्ट माझीच. अहो गंमत होती, बाबांवर नव्हती. आम्ही पण "पार्टी पैसेवाली आहे" म्हणतो तेव्हा केक नसतो कापायचा, "त्याची आत सेटिंग आहे" म्हणजे तो टीव्ही दुरुस्त करत नसतो, आणि घरातली सगळी वीज गेली तरी "लाईट गेली" एवढंच. यावर हसतोच की आम्ही. तुमचाच पायलट तेवढा देव्हाऱ्यात ठेवायचा का?

पेडण्याचा_भाचा:
मंत्र्याच्या पुढे सायरन वाजवत पळते ती पण पायलट गाडीच. तिच्यावर जोक केलेला नाही पाहिला कधी.

म्हापशेकरीण:
देव्हारा राहू दे, माझं ऐका. परवा म्हापसा स्टँडवर पायलट केला, जेमतेम दीड किलोमीटर, उतरल्यावर म्हणतो शंभर. का तर मी मराठीत बोलले! त्याला वाटलं टुरिस्ट. माझा जन्म इथला, आजी इथली, घरात मराठी पेपर येतो, देवळात कीर्तन मराठीत, आणि मी टुरिस्ट?

दर्याबाब:
मग कोंकणीतून बोलायचं बाई. गोव्यात राहून स्टँडवर मराठी कशाला?

म्हापशेकरीण:
कशाला म्हणजे? १९८७ चा राजभाषा कायदा वाचा आधी. कोंकणी राजभाषा आहे, मान्य, पण सरकारी कामाला मराठी पण चालते असं त्यातच लिहिलंय.

दर्याबाब:
पायलटच्या मागे बसणं हे सरकारी काम कधीपासून झालं?

म्हापशेकरीण:
तुमच्यासारख्यांमुळेच आमची पोरं धड इकडची ना तिकडची! आणि स्वतः इथे मराठीतच टाईप करताय हां, तेवढं बघा.

दर्याबाब:
तुम्हाला समजावं म्हणून. उपकार समजा.

पेडण्याचा_भाचा:
झालं. पायलटवरून निघाले ते राजभाषेवर उतरले. गोव्यात कुठलाही विषय काढा, शेवटचा स्टॉप हाच.

दर्याबाब:
विषयावर येतो. जहाजाचं वर बरोबर लिहिलंय, पण शब्द आमच्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पिलोतु. वास्को द गामाला १४९८ मध्ये मालिंदीला पायलट मिळाला म्हणून तो कालिकतला पोचला. इंग्रजी नंतरची.

सहकारनगरवाला:
मग तुम्ही "पिलोत" म्हणायला पाहिजे होतं. पोर्तुगीज शब्द आले ते त्यांचा आवाज घेऊन आले, पाव, चावी, बटाटा. "पायलट" मधला "पाय" पोर्तुगीजात कुठाय? सरळ इंग्रजी आहे.

दर्याबाब:
बरं. उच्चार इंग्रजी. पुणेकराचं पण वर्षातून एकदा बरोबर येतं.

सहकारनगरवाला:
आभार, फ्रेम करून लावतो. आणि मांडवीकाठ, ते चढावरचं वाचून पोस्टमधलं स्प्लेंडर काढून राजदूत केलंय. पोस्ट मात्र ठेवतो.

मांडवीकाठ:
मोठे उपकार झाले. बाबांना सगळं वाचून दाखवलं. स्थळाच्या जोकवर तेच सगळ्यात जास्त हसले, आता माझीच पंचाईत. म्हापशेकरणीचं ऐकून म्हणाले, शंभर घेतले ते चूक, पण भाव बसायच्या आधी ठरवायचा असतो, उतरल्यावर नाही.

म्हापशेकरीण:
ठरवला होता हो! पन्नास!