मोर्चा निघाला की रस्ता कुणाचा?

सुरगाण्याची_लेक: काल इथे एका दादांनी लिहिलं, "बोलायला कुणाची ना नाही, पण रस्त्यावर उतरले की आधी दंड ठोका, मग ऐका." वाचून रात्री झोप लागली नाही.

मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यात माझी मावशी होती. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी म्हणून जवळपास १८० किलोमीटर चालली. वाटेत चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीने बांधला. घरी आली तेव्हा टाचेचं कातडं सुटलं होतं. ११ तारखेला सोमय्या मैदानावर जेमतेम पाठ टेकली, तर निरोप आला की उद्या दहावीचा पेपर आहे, पोरांचा खोळंबा नको. तशीच उठून सगळी माणसं रातोरात आझाद मैदानात गेली. दंड कुणाला ठोकायचा, मावशीला?

डोंबिवलीकर: ताई, सगळे २०१८ च सांगतात. ऑगस्ट २०२५ ला त्याच आझाद मैदानात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला पाच हजारांची परवानगी होती, माणसं किती आली? शेवटी रस्ते मोकळे करा म्हणून हायकोर्टाला सांगावं लागलं. आणि मागे एका मोर्चाच्या दिवशी (कुठला ते सांगत नाही, फाटे फुटतील) वडिलांना डायलिसिसला नेत होतो. टॅक्सी दीड तास जागची हलली नाही. चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत उरकलं. रात्रभर त्यांना धाप लागत होती. त्यांच्या हक्काचं कोण बोलणार?

रानजाई: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण गणपतीत तोच रस्ता मंडपाने अर्धा होतो, तेव्हा हायकोर्ट कुणाला आठवत नाही.

मंडळाचा_कार्यकर्ता: आलं का गणपतीवर! तेवीस वर्षं मंडळात आहे. मंडपाची परवानगी आम्ही घेतो, खड्डे आम्ही बुजवतो. मिरवणुकीत रुग्णवाहिका आली की ढोल थांबतात, दोर धरून वाट करतो. एकदा बाळंतिणीची गाडी काढून दिली, हाताला दोराचे वळ उठले होते.

रानजाई: तुमच्या मंडळात होत असेल. आमच्या गल्लीत डीजे लागला की आजीच्या पलंगाखालची फरशी हादरते. कानात कापूस घालून बसते बिचारी. सांगायला गेलो तर "धर्माच्या आड येता का?"

मंडळाचा_कार्यकर्ता: डीजेवाल्यांना आमच्यात धरू नका! त्यांच्यापायी आम्ही शिव्या खातो.

डोंबिवलीकर: गणपती पुरे. बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं, सत्याग्रह आणि कायदेभंग म्हणजे अराजकाचं व्याकरण.

सुरगाण्याची_लेक: अर्धंच सांगू नका. घटनेचे मार्ग खुले असताना, असं म्हणाले होते ते. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी त्यांनीच ओंजळीत घेतलं, तेही नगरपालिकेचा ठराव कागदावर असताना. मावशीच्या वनहक्काच्या दाव्याची फाइल कचेरीत पडून होती. "साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या." दर खेपेला रोजगार बुडायचा. तिला फेसबुक नाही, ओळखीचा आमदार नाही. कलम १९ मध्ये भाषणाच्या पाठोपाठ शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क लिहिलाय, तो अशांसाठीच. ती चालली तेव्हा मंत्रालयाला ऐकू गेलं.

डोंबिवलीकर: रातोरात चालले ते मानतो, आणि दंड ठोका म्हणणाऱ्याच्या बाजूने मी नाही. पण मोर्चा काढणाऱ्यांनी रुग्णवाहिकेपुरती वाट राखलीच पाहिजे. त्यात एक तसूभर मागे येणार नाही.

सुरगाण्याची_लेक: राखलीच पाहिजे. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

मंडळाचा_कार्यकर्ता: दोर धरायला माणसं लागली तर आमची पोरं देतो. पक्ष विचारणार नाही. ताई, मावशींना जमीन मिळाली का?

सुरगाण्याची_लेक: चार एकर मागितली होती, अर्धा एकर नावावर झाली. म्हणून मार्च २०२३ ला पुन्हा निघाली होती, वाशिंदपर्यंत. या वेळी बूट घेऊन दिले होते मी. ते पिशवीत ठेवले आणि चपलेवरच चालली.