दातांचा डॉक्टर, त्याची नवी मशिनं आणि आपण : अनुभव लिहा

गेल्या महिन्यात रूट कॅनाल झालं. पहिलं १९९८ ला केलेलं, तेव्हा पाच फेऱ्या, डॉक्टर बारीक सुया बोटांनी फिरवत बसायचे आणि एक्सरेची फिल्म धुऊन येईपर्यंत मी आ वासून पंख्याची पाती मोजत. यावेळी दोनच सिटिंग. ओठाला एक हूक लटकवला, सुई मुळाच्या टोकाशी पोचली की मशीन टूं टूं करतं, ॲपेक्स लोकेटर म्हणे. एक्सरे लगेच स्क्रीनवर, पण तो आरव्हीजीचा (डिजिटल एक्सरेचा) सेन्सर वाकत नाही ना, जिभेखाली असा टोचतो की इंजेक्शन परवडलं. तुमचं काय? चांगलं-वाईट सगळं लिहा.

*

मला ओकारी येते, ब्रश जरा मागे गेला तरी. कॅपचं माप घ्यायला तो गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरून टाळूला दाबतात ना, मागच्या वेळी डॉक्टरांच्या ॲप्रनवर... जाऊ दे. यंदा जाड पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवला आणि स्क्रीनवर माझे दात तुकड्या-तुकड्यांनी उगवत गेले. झिर्कोनियाची कॅप आठवड्यात आली. फक्त शेवटच्या दाढेला जबडा दुखेपर्यंत तोंड उघडावं लागतं, स्कॅनरचं डोकं काही छोटं नसतं.

*

बाबा ७१, खालची कवळी जेवताना नाचते म्हणून इम्प्लांटला गेलो, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर दात. आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे, मशीन डोक्याभोवती फिरतं, मिनिटभरही लागत नाही. डॉक्टरांनी जबड्यातली नस रंगवून दाखवली, हिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो म्हणून स्क्रू कुठे, किती खोल ते स्क्रीनवरच ठरवायचं. बाबा एकदम इम्प्रेस. मग डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट मागितला, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.४. "काका, आधी हे खाली आणा." एवढं थ्रीडी बिडी होऊन शेवटी चार महिने गोड बंद आणि सकाळचं चालणं! नंतर दोन स्क्रू बसले, हाडाने ते धरायला अजून तीन महिने, आता कवळी त्यावर टिचकन बसते. परवा भाजलेलं कणीस खाल्लं, दाणे सोलून नाही, थेट. डॉक्टरांना सांगू नका.

*

जर्मनीतून लिहितोय. इथे बोनसहेफ्ट नावाची वही असते, दरवर्षी तपासणीचा शिक्का घ्यायचा, सलग ५ वर्षांचे असले की कॅप-ब्रिजला सरकारी विमा ६० ऐवजी ७० टक्के देतो, पण ते ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचे. इम्प्लांटचा स्क्रू आपल्या खिशातून. म्हणून पुण्यात करू म्हटलं तर रजा ३ आठवडे आणि वरच्या जबड्याला चार-सहा महिने थांबा, मशीन कितीही नवं असो हाड आपल्या चालीनेच चालतं. दोनदा तिकीट काढलं. पैसे वाचले किती ते बायको अजून विचारते.

*

मी स्वतः डेंटिस्ट, तालुक्याचं गाव. पहिल्या ताईंना टोचला तसाच माझा सेन्सर एका पेशंटने कडकन चावला, त्याचे हप्ते मी अजून भरतोय. आणि एक कबूल करतो, तोंडातल्या कॅमेऱ्याने साधा चहाचा डागही स्क्रीनवर भोकाएवढा दिसतो, पेशंट घाबरून लगेच हो म्हणतो. म्हणून मी शेजारचा चांगला दातही दाखवतो. तुमच्या डॉक्टरांना पण दाखवायला सांगा, कोणी रागावत नाही.

*

अलायनर म्हणजे दात सरळ करायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, त्यांच्या कंपनीवाल्यांनी घरी येऊन स्कॅन केलं, डॉक्टर एकदाही भेटला नाही, मोबाईलवर माझं भविष्यातलं हसू तेवढं दाखवलं. दिवसाचे २२ तास घालायचं, चहाला काढायचं, माझे चहा सहा. सातव्या सेटला पुढचा दात हलायला लागला तेव्हा ऑर्थोच्या (दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडमकडे पळालो. त्यांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्सरे काढला, हिरडीखालचं हाड आधीपासूनच कमी. तोंडाच्या स्कॅनमध्ये ते दिसतच नाही, त्याला वरवरचं दिसतं फक्त. आता हिरड्यांची ट्रीटमेंट चालू आहे आणि उरलेले चौदा सेट कपाटात, पैसे भरलेत म्हणून आई टाकू देत नाही.