शिट्टीकाका: आठवणी असतील तर लिहा

काल माळा आवरताना केशरी बंडी सापडली. पाठीवरच्या 'मार्शल'मधला 'ल' धुऊन धुऊन गेलेला, खिशात अर्धी पेन्सिल. पेन्सिलच, कारण काका म्हणायचे, पावसात पेन रुसतं. मी शिडीवरच बसून राहिले जरा वेळ.

क्लबात सगळे ओळखतातच, पण नव्या पोरांसाठी: नाशिकची रॅली, पुण्याचं सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची बाईक शर्यत), मुंबईची पावसातली स्कूटर रॅली, हा माणूस तीसेक वर्षं सगळीकडे मार्शल, म्हणजे शर्यतीत रस्ता नि माणसं सांभाळणारा. बिनपगारी. मिळकत म्हणाल तर वडापाव आणि एक टोपी.

मला पहिल्यांदा घोटीच्या बाजूला नेलं, रॅलीच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, गाड्या बघायच्या. काका वाडी-वाडी हिंडले. प्रत्येक ओट्यावर एकच प्रश्न, "दूध किती वाजता घालता?" सकाळी रस्ता बंद होणार, मग डेअरीवाल्याला गळ घालून संकलन अलीकडे आणलं. कुणाचं लग्न आहे का, शेळ्या कुठून उतरतात, सगळं वहीत. एका घरी सून दिवस भरलेली. काकांनी दुसऱ्या दिवशी आपला पॉइंट बदलून त्याच घरासमोर घेतला. "काही लागलं तर वायरलेसवर गाड्या थांबवतो," म्हणाले.

लिहा बरं. शुद्धलेखन बघणार नाही.

धुरळा७२ :
क्यालामी!!! आठवतंय का कुणाला? नवीन मार्शलांना चहाच्या आधी ती गोष्ट. १९७७, दक्षिण आफ्रिकेतली फॉर्म्युला वन शर्यत, बंद पडलेली गाडी पेटली म्हणून १९ वर्षांचा मार्शल पोरगा विझवायचं नळकांडं घेऊन ट्रॅक ओलांडत धावला. चढावापलीकडून टॉम प्राइस या ड्रायव्हरची गाडी आली. पोरगा गेला, ते नळकांडं डोक्यात बसून प्राइसही गेला. मग काका सगळ्यांकडे बघून विचारायचे, "आता सांगा, कोण पळणार?" सुपरक्रॉसला एकदा पोरगं पडलं म्हणून मी धावलो तर कॉलर धरून मागे ओढलं. आधी धोक्याचा पिवळा झेंडा, मग पाय.

डावीकडेवळा :
मोबाईलवरून लिहितोय, कुकर लावलाय.
टाइम कंट्रोलवर (रॅलीत वेळ नोंदवायच्या चौकीवर) काका असले की आमची फाटायची. उशीर झाला तर मिनिटामागे १० सेकंद दंड, लवकर शिरलात तर मिनिटामागे अख्खं मिनिट. माझा नेव्हिगेटर (शेजारी बसून वाट सांगणारा) घाईघाईत वेळेचं कार्ड घेऊन आधीच पुढे झाला. काकांनी घड्याळ दाखवलं, पेन्सिलीने वेळ लिहिली आणि वर "पाणी पी" म्हणाले.
हाच माणूस माझ्या लग्नात कार्यालयाच्या फाटकाबाहेर लूनावर बसून. काकू मागे, पैठणीत, उन्हात. सासरेबुवा बोलवायला गेले तर म्हणतात, "पत्रिकेत ११:४० आहे, अजून चार मिनिटं आहेत."

चिखलवाली :
😂😂 काकूंची काय चूक त्यात

उताणा :
माझी एस्टीम भाताच्या खाचरात उलटी. आम्ही दोघं बांधावर. मी रडत होतो, खोटं कशाला सांगू, कर्ज काढून बांधलेली गाडी. काका लांबून शिट्टी मारत आले. वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. पहिला प्रश्न, "ओके दाखवलं का?" मागून येणाऱ्यांना ओकेची पाटी दाखवायची असते, नाहीतर त्यांना वाटतं आत कोणीतरी जखमी आहे, मग ते थांबतात. ती पाटी माझ्याच बुडाखाली होती. धोक्याचा त्रिकोण कुठाय विचारलं, तो डिकीत, डिकी चिखलात. काका स्वतःचा लाल फडका घेऊन अलीकडे पन्नास पावलं जाऊन उभे राहिले. पाठीवर हात रात्री ठेवला, जेवताना.

जिप्सीप्रेमी :
अवांतर: एस्टीमपेक्षा जिप्सी कधीही भारी. रॅलीवाल्या हरी सिंगची जिप्सी ज्यांनी वळणावर पाहिलीय त्यांनाच कळेल.

उताणा :
@जिप्सीप्रेमी झालं सुरू. वेगळा धागा काढा.

भाची :
मी घरातली, म्हणून दुसरी बाजू. मामा माझ्या साखरपुड्याला नव्हते, सुपरक्रॉस होतं. मामी बरीच वर्षं शनिवार-रविवार एकटी. तुम्ही सगळे हसताय, ते गोडच आहे, पण रात्री धुळीने डोळे लाल करून आलेल्या माणसाचे कपडे कोणीतरी भिजवत होतं.

चिखलवाली :
@भाची खरंय गं. मामींना नमस्कार सांग.

धुरळा७२ :
भाची, माफी. आमच्यापैकी कुणी कधी काकूंना विचारलंच नाही.

नोएडाकर :
२०११ ला बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनला मीही होतो मार्शल म्हणून, काकांच्याच शिफारशीने. शुक्रवारच्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं, लाल झेंडा, जगभर हसं. मी लाजून काकांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडे म्हैस येते, तू कुत्र्याचं काय सांगतोस?"
रविवारी शर्यतीआधी ड्रायव्हर व्हेल्डन आणि बाईक रेसर सिमोन्चेल्ली यांच्यासाठी मिनिटभर शांतता पाळली. दोघं त्याच महिन्यात शर्यतीत गेले होते. काकांनी म्हणे घरी टीव्हीसमोर उभं राहून टोपी काढली.

भाची :
काढली होती. आम्हालाही उभं केलं. वरण उतू गेलं 🙂

डावीकडेवळा :
कुकर झाला. ते सुनेचं काय झालं पुढे? धागाकर्तीने अर्धवटच सोडलंय.

धागाकर्ती :
अहो काही नाही, आठ दिवसांनी बाळंत झाली. काका उगाच दिवसभर त्या दारात. आजीबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, तर काका उभ्यानेच जेवले, तोंड रस्त्याकडे. आजी म्हणाली, "बसा की, गाड्या काय पळून चालल्यात?"

जिप्सीप्रेमी :
😂 आजी जिंकली

उताणा :
त्यांचा स्टीलचा थर्मास कुणाकडे आहे? झाकणाला सुतळी बांधलेला.

धुरळा७२ :
माझ्याकडे. वापरतोय. गळतो.

नोएडाकर :
नाशिकच्या रॅलीला कोण कोण येतंय? ठाण्याहून निघतोय, गाडीत दोन जागा. पहाटे चारला, लवकर आलात तर मिनिटाला मिनिट दंड.