‘नियोजित पेशीमृत्यू’ आणि त्याचे ‘नियंत्रण’ : हे शब्द बरोबर आहेत का?

विचारणा

कर्करोगावरील संशोधनाची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद मी सध्या करत आहे. ती वैज्ञानिकांसाठी नसून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. तिच्यातले एक वाक्य मी असे लिहिले होते : ‘बीसीएल-२ हे प्रथिन पेशींच्या नियोजित मृत्यूचे नियंत्रण करते.’ मसुदा एका परिचितांना वाचायला दिला, तेव्हा त्यांनी ‘नियोजित’वर बोट ठेवून विचारले, ‘कोणी नियोजित केलेला?’ आणि लगेच पुढे म्हणाले, ‘मृत्यूवर नियंत्रण ठेवते म्हणजे हे प्रथिन चांगलेच म्हणायचे की!’ कर्करोगाच्या संदर्भात वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे, त्यामुळे चूक वाचणाऱ्याची नसून माझ्या वाक्याची आहे, हे उघड आहे. ‘पूर्वनियोजित’, ‘क्रमादेशित’, ‘पेशींची आत्महत्या’ किंवा सरळ ‘अपोप्टोसिस’ यांपैकी काय वापरावे, आणि ‘नियंत्रण’ या शब्दाचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपल्या परिचितांचा पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत ‘नियोजित’ म्हणजे ठरलेले, पण अजून न घडलेले. नियोजित वराचे लग्न व्हायचे असते आणि नियोजित पूल अजून कागदावरच असतो. त्यामुळे ‘नियोजित मृत्यू’ म्हटले की कोणीतरी तारीख काढून ठेवली आहे, असा भास होतो. ‘पूर्वनियोजित’ तर त्याहून वाईट, कारण तो शब्द आपण कटासाठी वापरतो. ‘क्रमादेशित’मध्ये हा दोष नाही, पण तो संगणकाच्या परिभाषेतून आलेला आणि तिथेही फारसा न रुळलेला शब्द आहे. रुग्णाच्या नातेवाइकाला तो अडखळायला लावील.

मुळात इथे दोन वेगळ्या संज्ञा आहेत आणि त्या वेगवेगळ्या निरीक्षणांतून जन्मल्या आहेत, हे लक्षात घेतले तर निवड सोपी होते. ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’ ही संज्ञा १९६० च्या दशकात कीटकांच्या रूपांतरणाच्या अभ्यासातून आली. पतंग कोशातून बाहेर पडल्यावर त्याचे काही स्नायू ठरल्या वेळी नाहीसे होतात, ते पाहून ती सुचली. पुढे सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत याचे लख्ख उदाहरण सापडले. त्याच्या उभयलिंगी प्रकारात वाढीच्या काळात १,०९० कायिक पेशी (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या इतर पेशी) तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१ मरतात. हा मृत्यू खरोखरच क्रमाने लिहून ठेवल्यासारखा असतो. या कृमीवरील कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘अपोप्टोसिस’ हा शब्द मात्र १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी वापरात आणला, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दृश्याला दिलेला आहे. पेशी आक्रसते, केंद्रकातील द्रव्य दाट होऊन तुटते, पृष्ठभागावर बुडबुडे आल्यासारखे दिसतात आणि अखेर पेशीची पटलाने वेढलेली छोटी छोटी पुडकी होतात, जी शेजारच्या पेशी गिळून टाकतात. आजूबाजूला दाह होत नाही. ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी तो शब्द सुचवला होता. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळणे असा आहे. (जाता जाता : त्या लेखकांनी शब्दातला दुसरा ‘प’ उच्चारू नये असे सुचवले होते, त्यामुळे ‘अपोटोसिस’ लिहिणाऱ्याला कोणी हसू नये. पण मराठीत आता ‘अपोप्टोसिस’ इतके पसरले आहे की तेच ठेवावे.)

पानगळीवरून ‘पेशीगळ’ असा शब्द करण्याचा मोह मलाही झाला होता. पण ‘केसगळती’सारख्या शब्दांमुळे ‘गळ’ लागले की तो आजार वाटतो, आणि इथे तर गळ न होणे हा आजार आहे. म्हणून तो बेत सोडला. माझी सूचना अशी : पहिल्या उल्लेखात ‘अपोप्टोसिस, म्हणजे पेशीने स्वतःतल्याच यंत्रणेने स्वतःला मोडीत काढणे’ असे लिहावे आणि पुढे सर्वत्र ‘अपोप्टोसिस’ ठेवावे. ‘मोडीत काढणे’ मी जाणूनबुजून सुचवतो आहे. मोडीत काढलेल्या वस्तूचे तुकडे वाया जात नाहीत, आणि इथेही शेजारच्या पेशी ते तुकडे पचवून वापरतात.

प्रतिसाद

‘पेशींची आत्महत्या’ हा शब्दप्रयोग लोकप्रिय लेखांत सर्रास आढळतो, परंतु रुग्णांच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत तो अजिबात नको. संवेदनशीलतेचा मुद्दा आहेच. शिवाय त्या शब्दाला हताशपणाची छटा आहे, आणि निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी ज्या मार्गाने जातात त्याला ती मुळीच लागू पडत नाही.

प्रतिसाद

संज्ञेविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे. मला वाटते, मूळ वाक्याचा खरा घोटाळा ‘नियंत्रण’मध्ये आहे. मराठीत रोगाचे, गर्दीचे, किमतींचे नियंत्रण करतात, म्हणजे वाढू पाहणाऱ्या गोष्टीला आवरतात. ‘नियमन’ दोन्ही बाजूंना चालते : गरजेप्रमाणे सोडणे आणि आवरणे. बीसीएल-२ ज्यात मोडते त्या प्रथिनांच्या संपूर्ण कुटुंबाबद्दल बोलायचे असेल, तर ‘नियमन’ आणि ‘नियामक प्रथिने’ हेच योग्य, कारण त्या एकाच कुटुंबात मृत्यू रोखणारी आणि मृत्यू घडवून आणणारी, अशी दोन्ही प्रथिने आहेत. पण एकट्या बीसीएल-२ बद्दल ‘नियमन करते’ म्हणणे म्हणजे उत्तर टाळणे होय, कारण ते काय करते हे नीट माहीत आहे.

त्यासाठी नामाच्या मागे न लागता क्रियापदाकडे यावे. मराठीत ‘पेशी मरते’, ‘औषध पेशीला मारते’ आणि ‘पेशीला मरू देते’ हे तीन वेगळे प्रयोग आहेत, आणि हा सगळा विषय तिसऱ्या प्रयोगात बसतो. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. त्याचे जनुक फॉलिक्युलर लिंफोमा या कर्करोगात सापडले. तिथे १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि त्यामुळे वाजवीपेक्षा जास्त काम करू लागते. त्या वेळेपर्यंत माहीत असलेली कर्करोगाची जनुके पेशींचे विभाजन वाढवणारी होती. हे मात्र विभाजन न वाढवता पेशींना जगवत ठेवते, असे मेलबर्नमध्ये वॉ, कोरी आणि ॲडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. कर्करोग म्हणजे केवळ पेशींची बेसुमार वाढ नव्हे, पेशींचे न मरणेही त्यात येते, हा विचार तिथून पक्का झाला.

जवळून पाहिले तर यंत्रणा अशी आहे. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) बाह्य पटलावर बीसीएल-२ बसलेले असते आणि त्याच्या पृष्ठभागावर एक खोबण असते. पेशीचे काही बिघडले की तयार होणारे बिम नावाचे प्रथिन त्या खोबणीत अडकून पडते. खोबणी अपुऱ्या पडल्या, तर मोकळे राहिलेले बिम बॅक्स आणि बॅक या प्रथिनांना जागे करते, ती पटलाला भोके पाडतात, आतले सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर झिरपते आणि त्यातून कॅस्पेज ही कापणारी विकरे कामाला लागतात. ही विकरे पेशीत आधीपासून निष्क्रिय रूपात हजर असतात. म्हणजे शस्त्र घरातच आहे, फक्त म्यानात आहे. पी-५३ हे प्रसिद्ध प्रथिन याच साखळीच्या वरच्या टोकाला आहे. डीएनएची हानी झाली की ते प्यूमा आणि नॉक्सा या बिमच्या भाऊबंदांची निर्मिती वाढवते, आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते.

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बिमसारखे त्या खोबणीत शिरते आणि अडकलेल्या बिमला सोडवते. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या सावकाश वाढणाऱ्या एका रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्याच्याबद्दल ‘कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध’ असे लिहिले, तर जुन्या केमोथेरपीपेक्षा त्याचे वेगळेपण पुसले जाते. ते ‘पेशींना मरू देणारे’ औषध आहे. सौम्य वाटणाऱ्या या क्रियापदाने कोणी फसू नये : त्या रक्तकर्करोगात पेशी एकदम इतक्या मोठ्या संख्येने फुटू शकतात की त्यांच्यातली द्रव्ये रक्तात साचून मूत्रपिंडांना धोका होतो. म्हणून मात्रा दररोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘बिघडलेली पेशी एरवी स्वतःला मोडीत काढते, आणि या क्रियेला अपोप्टोसिस म्हणतात. बीसीएल-२ हे प्रथिन जास्त झाले, तर ते अशा पेशीला मरू देत नाही.’ एका वाक्याची दोन झाली, पण त्याच परिचितांना ती पुन्हा दाखवली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘मग या प्रथिनाला अडवता येत नाही का?’ पुस्तिकेचा पुढचा परिच्छेद त्यावरच आहे.