युद्धकाळातील भित्तिपत्रकांवरची तरुणी पाहते कोणाकडे?

प्रश्न (धुळ्याची शिक्षिका)

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दोन्ही महायुद्धांतील प्रचाराच्या भित्तिपत्रकांच्या रंगीत प्रती काढून मी वर्गात लावल्या, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, ही मुलगी पाहते कोणाकडे?’ समोर १९१७ चे अमेरिकी नौदलाचे चित्र होते. खलाशाचा गणवेश घातलेली एक तरुणी हसत म्हणते की, मी पुरुष असते तर नौदलात भरती झाले असते. आणि खाली बजावले आहे, ‘मर्द व्हा आणि हे करून दाखवा’. शेजारच्या १९१५ च्या ब्रिटिश चित्रात मात्र खिडकीशी उभ्या असलेल्या स्त्रिया कूच करणाऱ्या सैनिकांकडे पाहतात आणि मथळा सांगतो की, ब्रिटनच्या स्त्रिया ‘जा’ म्हणत आहेत. दोन्ही चित्रांत तरुणी आहे, परंतु आवाहन पुरुषाला आहे, एवढेच उत्तर मला त्या वेळी देता आले. प्रत्यक्ष तिच्याशी बोलणारी चित्रे होती का?

उत्तर १ (जळगाव)

होती, पण तीही तपासून पाहावीत. बाही वर सारून मूठ दाखवणारी, डोक्याला ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेली अमेरिकी कामगार तरुणी आज टी-शर्टांवरही दिसते आणि ती स्त्रीमुक्तीची खूण मानली जाते. मूळ चित्र १९४३ च्या फेब्रुवारीत वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत सुमारे दोन आठवडे लावलेले होते. ते बाहेरच्या स्त्रियांना भरतीसाठी बोलावण्याकरिता नव्हते, तर आधीच कामावर असलेल्यांचा उत्साह टिकवण्याकरिता होते. त्याला आजची कीर्ती मिळाली ती १९८० च्या दशकात.

आपण दाखवलेल्या नौदलाच्या चित्रात आणखी एक गंमत आहे. चित्रातली मुलगी ‘पुरुष असते तर’ म्हणत होती, त्याच वर्षी मार्चपासून अमेरिकी नौदल कारकुनी कामासाठी स्त्रियांना रीतसर भरती करू लागले होते.

उत्तर २ (अमळनेर)

ताई, वयाचाही विचार वर्गात जरूर मांडावा. ब्रिटिश परिचारिका एडिथ कॅव्हेल यांना जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रुसेल्समध्ये गोळ्या घालून मारले, तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या. त्यानंतर निघालेल्या प्रचाराच्या पोस्टकार्डांवर मात्र पांढऱ्या गणवेशातली कोवळी मुलगी भोवळ येऊन पडलेली आहे आणि एक अधिकारी तिच्यावर पिस्तूल रोखून उभा आहे. प्रत्यक्षात गोळीबार सैनिकांच्या तुकडीने केला होता. पन्नाशीला आलेल्या, शत्रूच्या कबजातून सैनिकांना निसटायला मदत करणाऱ्या खंबीर बाईपेक्षा असहाय मुलगी पाहून पुरुषाचे रक्त लवकर तापेल, असा हिशेब त्यामागे असावा, असे मला वाटते.

उलट बाजूही पाहा. सोव्हिएत नेमबाज ल्युदमिला पावलिचेन्को यांच्या नावावर ३०९ शत्रुसैनिक मारल्याची अधिकृत नोंद होती. पण १९४२ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, तेव्हा वार्ताहरांनी त्यांना आघाडीवर तुम्ही रंगरंगोटी करता का, असे विचारले!

उत्तर ३ (नंदुरबार)

चर्चा युरोप-अमेरिकेतच फिरते आहे, म्हणून आमच्या गावची गोष्ट सांगतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हुतात्मा झाले. पोलिसांनी मुलींच्या दिशेने बंदूक रोखताच शिरीषकुमार पुढे आला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. याला मी प्रचार म्हणत नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्या मुलींची नावे आम्हाला शाळेत कधीच कोणी सांगितली नाहीत. त्याही झेंडे घेऊन निघाल्या होत्या, आणि तरीही गोष्टीत त्या फक्त वाचवल्या जाण्यापुरत्या येतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. सोमवारी पोस्टकार्डाची प्रत भिंतीवर लावून शेजारी कॅव्हेल यांचे खरे छायाचित्र लावीन, आणि खाली वय सोडून काहीही लिहिणार नाही. नंदुरबारच्या दादांनी सांगितलेल्या मुलींची नावे आजी-आजोबांना विचारून आणायला नंदुरबारकडच्या दोन विद्यार्थिनींनी आजच होकार दिला आहे.