भोपळ्याचे घारगे: इथला कोणता भोपळा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई इथे येते आहे. ती रत्नागिरीकडची, घारगे म्हणजे तिचा जीव की प्राण. आल्या आल्या ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरेल, त्याआधी एकदा तरी तिला माझ्या हातचे खाऊ घालायचेत. आपला तांबडा भोपळा इथे कधी मिळतो, कधी नाही. बटरनट स्क्वॉश चालेल का? आणि डब्यातला भोपळ्याचा गर? प्रमाण कृपया वाटीने सांगा.

---

ताई,

बटरनट खुशाल घे. गर घट्ट असतो, रंगही सुरेख येतो. ऑक्टोबरात कोरायला ठेवतात ते मोठे नारिंगी भोपळे मात्र नको, नुसतं पाणी आणि दोरे. डब्यातला गर अडीअडचणीला ठीक आहे, पण तो आधी जाड बुडाच्या कढईत चांगला आटवून घे.

२ वाट्या कीस, १ वाटी चिरलेला गूळ. चमचाभर तुपावर कीस परतून झाकण ठेव आणि वाफ काढ. कच्चा वास गेला की गूळ घाल. गूळ विरघळला की सगळं पातळ दिसायला लागतं, तिथे घाबरून पीठ ओतू नकोस. झाकण काढून ढवळत राहा. उलथनं कढईच्या तळातून ओढलं की मागे वाट दिसली पाहिजे आणि ती लगेच बुजता कामा नये. घारग्याची सगळी मेख इथेच आहे. पाणी राहिलं की पीठ जास्त मावतं, आणि पीठ जास्त झालं की घारगा कडक होतो, गोडीही पळते.

चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ. मग पूर्ण गार होऊ दे. गरम असताना ते सैल असतं, त्यामुळे पिठाचा अंदाज हमखास चुकतो. गार झाल्यावर अर्धी वाटी तांदळाची पिठी, २ चमचे बारीक रवा, २ चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दीड वाटी. पाण्याचा थेंबही नाही. गोळा पुरीच्या पिठापेक्षा जरा सैलच ठेव आणि अर्धा तास झाकून ठेव, रवा तेवढ्यात फुगतो.

केळीचं पान नसलं तर बटर पेपरला तेल लावून त्यावर थाप, पुरीहून जाड. वरून खसखस दाबून लावली तर छानच. तळताना आच मध्यम. गुळामुळे बाहेरून चटकन लाल होतात आणि आत कच्चे राहतात. इथल्या कॉइलच्या शेगडीवर आच कमी केली तरी तेल तापतच राहतं, म्हणून रंग भराभर चढायला लागला की कढईच बाजूला उचलून ठेव. पण जपून.

---

आम्ही नागपूरकडचे, आमच्याकडे याची बोंडं करतात. भोपळा आणि गूळ तसाच शिजवायचा, पण पीठ भज्यांसारखं सैल ठेवून हातानेच तेलात सोडायचं. थापायचा व्याप नाही, लहान मुलं तर कढईपासून हलत नाहीत. पण आई कोकणातल्या असतील तर घारगेच करा, त्यांना तीच चव हवी असणार.

---

दोघांचेही मनापासून आभार! एकच विचारायचं राहिलं. आदल्या दिवशी करून ठेवले तर चालतील? विमानतळावरून येतानाच गाडीत द्यावेत असं मनात आहे.

---

आदल्या दिवशीचे जास्त चांगले लागतात, मुरतात. तीन-चार दिवस सहज टिकतात, म्हणून तर आपल्याकडे प्रवासाला देतात. फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नकोस, वाफ धरली की चिकट होतात. सोबत छोट्या डबीत घट्ट साजूक तूप ने. लोणी मिळालं तर फारच उत्तम.