सप्टेंबरचा सुमो बाशो: आबांना न्यायचंय, तिकीट कोणतं काढू?

निशिकासाईकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आबा तीन आठवडे टोकियोला येताहेत. वय 71. तरुणपणी कोल्हापुरात तालमीत होते, खासबागेत लढलेत. त्याच दिवसांत र्‍योगोकूच्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात 15 दिवसांचा बाशो, म्हणजे सुमोची स्पर्धा, आहे. तिकीटविक्री येत्या शनिवारी सकाळी 10 ला उघडतेय. जागा कुठली, दिवस कुठला, किती वाजता जायचं? बजेट दोघांचं मिळून 15 हजार येन. आबांचा उजवा गुडघा गेलाय, मांडी घालता येत नाही. रविवार मला सोपा, बाकी दिवशी रजा टाकावी लागेल.

सुमिदाकाठ
डोळे मिटून खालचा बॉक्स घ्या. आम्ही मे महिन्यात चौघं गेलो होतो, दोह्योपासून, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या ओट्यापासून, सहाव्या रांगेत. दोन पैलवान भिडतात तेव्हा कपाळावर कपाळ आपटल्याचा आवाज येतो, तो वर बसून कधीच ऐकू येणार नाही. वडील काय रोज येणार आहेत का? पैशाकडे बघू नका.

ओसाकाची_माई
अहो, गुडघ्याचं लिहिलंय ना त्यांनी! आम्ही मार्चमध्ये ओसाकाच्या बाशोत बॉक्स घेतला होता. नळ्यांनी आखलेला जेमतेम सव्वा मीटरचा चौकोन, त्यात चार उशा, चपला काढून बसायचं. आमच्या यजमानांना शेवटी दोघांनी धरून उठवलं आणि पुढे आठवडाभर शेक चालू होता. शिवाय बहुतेक बॉक्स चौघांचे असतात. दोघंच गेलात तरी पूर्ण बॉक्सचे पैसे भरा.

रांगडा_गडी
सुमो म्हणजे नुसती ढकलाढकली. दहा सेकंदांत खेळ खलास. पैलवान माणसाला ते दाखवून काय उपयोग? चितपट नाही, काही नाही.

हाक्केयोई
रांगडा_गडी, एकदा बसून बघा, मग बोला. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला की हार, रिंगणाबाहेर पाय पडला की हार. वजनी गट नाहीत. रिंगण 4.55 मीटरचं, तेवढ्यात 100 किलोचा 170 किलोच्याला फिरवतो. डावांची अधिकृत यादी 82 ची आहे. वरून हात टाकून मवाशी, म्हणजे कमरेचा पट्टा, धरून फेकतात ना, उवातेनागे, ते बघून मला थेट आपल्या कुस्तीतली ढाक आठवते. आबांना कळेल बरोबर.
निशिकासाईकर, दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या. गुडघ्यालाही ठीक, बजेटमध्येही बसतं. दुर्बीण मात्र न्या.

मुक्ता_सायतामा
मी जाणार नाही आणि कुणाला जा म्हणणारही नाही. बाईने दोह्योवर पाऊल ठेवायचं नाही, हा नियम अजून आहे. 2018 मध्ये माइझुरू शहरात महापौर दोह्योवर कोसळले, मदतीला धावलेल्या बायकांना खाली उतरा म्हणून माइकवरून सांगितलं. आपल्याकडे 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली.

ओसाकाची_माई
मुक्ता, पटतंय ग. पण धागा तिकिटाचा आहे. आणि खुर्चीच घ्या, मीही तेच म्हणते.

सुमिदाकाठ
दिवस शेवटचा रविवारच. बक्षीस समारंभ, सम्राटांचा चषक, सगळं त्या दिवशी. दुपारी दोनच्या आत पोचा, आधी ज्यूर्योच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, कुस्त्या होतात, मग माकुउचीचे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे, पैलवान रिंगणात येतात, सहाच्या सुमारास संपतं.

चिबाचा_पक्या
शेवटच्या रविवारची तिकिटं काही मिनिटांत जातात. मी हुकलो आणि एका दलालाकडून दुप्पट दराने घेतलं, वर जागा खांबामागची निघाली. अजून राग आहे. अधिकृत संकेतस्थळ सोडून कुठेही घेऊ नका.

हाक्केयोई
पक्या म्हणतात ते खरं. आणि शेवटच्या दिवसापर्यंत योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा पैलवान, टिकेलच असं नाही, दुखापतीने मधूनच माघार घेतात. होशोर्यू 74वा, ओनोसातो 75वा, दोघंही 2025 मध्ये योकोझुना झाले. त्यांनाच बघायचं असेल तर पहिल्या आठवड्यात जा. बान्झुके, म्हणजे कोण कुठल्या पायरीवर ते, बाशोच्या 13 दिवस आधी निघतं.
एक गोष्ट आबांना जरूर सांगा. दर बाशोला दोह्यो नव्याने बांधतात, मातीचा, हाताने ठोकून. मधोमध खड्डा करून तांदूळ, मीठ, सुका माकूळ, समुद्री शेवाळ, चेस्टनट वगैरे पुरतात.

रांगडा_गडी
हे माहीत नव्हतं. आपल्याकडे मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतो, तसंच की हे. बरं, मग घेऊन जा आबांना. बॉक्समध्ये बसवा, लांबून कुस्ती बघायची नसते.

चिबाचा_पक्या
गुडघा!!

निशिकासाईकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री आबांना फोनवर धागा वाचून दाखवला. शेवटचा रविवार नको म्हणाले, योकोझुनासाठी पहिला आठवडाही नको म्हणाले. त्यांनी विचारलं, "बारकी पोरं कधी लढतात?" मग मीच शोधलं. माकुशिता, म्हणजे ज्यूर्योच्या खालची श्रेणी, आणि त्याखालच्या पोरांना 15 दिवसांत सातच कुस्त्या. पगार नाही, सगळ्यांना काळा सुती मवाशी, मीठ फेकायचा मानही सहसा ज्यूर्योपासून वरच. माकुशितात सहापैकी सहा जिंकलेले दोघं बहुतेक वेळा तेराव्या दिवशी समोरासमोर येतात, विजेता तिथेच ठरतो.
हे ऐकून आबा म्हणाले, "त्याच दिवशी न्हे मला. पगार नसताना लढतंय ते पोरगं बघायचं."
तेरावा दिवस शुक्रवार. रजा टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या घेणार. तेराव्या दिवसापासून दारं उशिरा, दहाच्या सुमारास उघडतात, तेव्हाच आत जाऊ.

सुमिदाकाठ
सकाळी दहाला? हॉल रिकामा असतो हो. आठ तास बसणार कसे?

हाक्केयोई
रिकामा असतो म्हणूनच. खालच्या पोराच्या तोंडून निघालेला हुंकार वर दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मध्ये उठून कोकुगिकानच्या तळघरात भाजलेली याकितोरी, म्हणजे काडीवरचं चिकन, घ्या, आबांचे पायही मोकळे होतील.

ओसाकाची_माई
पाठीला एक उशी न्या. खुर्चीलाही लागते.

निशिकासाईकर
उशी नेतो, माई. आबांनी आज सकाळी परत फोन केला होता. दोह्योची माती कुठून आणतात आणि ती बांधताना बघायला मिळते का, एवढंच विचारायचं होतं. कुणाला ठाऊक असेल तर इथेच लिहा.